आडनाव विचारल्यावर काही घडलं नाही, तर

समतेसाठी काम करणाऱ्या आपल्या गटात नवीन आलायस, तर आधी स्वतःच्या घरचा सातबारा बघ. बहिणीचं नाव आहे त्यावर? हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्रात १९९४ला आणि देशभर २००५ला झालेल्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा मिळाला. तरी हक्कसोडपत्रावर सही तिचीच होते, तीही ‘राजीखुशीने’. (राजीखुशीने वाटा सोडणारा भाऊ मला अजून भेटायचाय.) वारसनोंदीला तलाठ्याकडे जाशील तेव्हा तिला सोबत ने. जातीचंही तसंच. पुण्यात खोली बघताना मालकाने आडनाव विचारलं, तू सांगितलंस आणि लगेच किल्ली मिळाली, तर ती सवलत तुला आयती मिळाली. अपराधी वाटून घेत बसू नकोस, त्याने कुणाला खोली मिळत नाही. पण ‘आपल्यातलेच ना?’ म्हटल्यावर मान डोलवायची नाही. ‘का विचारताय?’ एवढं विचार.