फाइटआधीची चाळीस मिनिटं

"मॅडम, क्लासमध्ये हिच्या किक कुणाला अडवता येत नाहीत. स्पर्धेत मात्र ही नुसती उभी राहते." खुर्चीत बसता बसताच आईनं सांगून टाकलं. सोळा वर्षांची लेक शेजारी बसून अंगठ्याच्या नखाजवळची कातडी सोलत होती. सात वर्षं तायक्वांदो खेळतेय. पुढची स्पर्धा पाच आठवड्यांवर आली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मी खेळाडूंच्या मनाच्या तयारीवर काम करते; सराव भरपूर, मग ऐनवेळी होतं काय, ही काळजी घेऊन खूप पालक माझ्याकडे येतात.

मी मुलीला म्हटलं, "मागच्या स्पर्धेचा दिवस सकाळी उठल्यापासून सांग." वॉर्मअप, मग नाव पुकारण्याची वाट बघत तीन तास बसणं, हे तिनं दोन वाक्यांत उरकलं. पुढे मात्र आवाज बारीक झाला. "नाव पुकारलं तेव्हा हात गार पडले होते. वाटलं, आज आपलं काही खरं नाही."

"आणि जी फाइट जिंकलीस, तिच्याआधी?"

बराच वेळ विचार करून ती म्हणाली, "तेव्हाही गारच होते."

तिथून आमचं काम सुरू झालं. अॅड्रिनलिन वाढलं की कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून हात गार पडतात. छाती धडधडते, पोटात गोळा येतो. शरीर लढायला तयार होत असतं आणि ही त्याचा अर्थ "माझी तयारी नाही" असा लावत होती. त्या अर्थानंच तिचे पाय जड होत होते.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. रोज दोन तास किकचा सराव करणाऱ्या या मुलीनं वाट बघण्याचा सराव कधीच केला नव्हता. स्पर्धेच्या दिवशी तेच तर सगळ्यात जास्त करावं लागतं! तिच्या सरांशी बोलून आम्ही आठवड्यातून दोनदा एक प्रयोग ठेवला. चेस्ट गार्ड, शिन गार्ड चढवून तिनं चाळीस मिनिटं कोपऱ्यात बसायचं, मोबाइल नाही. समोर कोण येणार ते सांगायचं नाही. सर मनाला येईल तेव्हा नाव पुकारणार आणि थेट फाइट.

पहिल्या दिवशी ती मार खाऊन आली. रडलीही. तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून तिचं तिलाच उमगू लागलं: अधूनमधून उठून अंगाला पुन्हा घाम येईपर्यंत हलक्या उड्या आणि चार वेगवान किक, मग बसून चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर. हात गार पडले की मनात एकच वाक्य, "अंग तयार होतंय."

एक चूक माझीही झाली. सुरुवातीला मी तिला डोळे मिटून जिंकल्याचं चित्र बघायला सांगितलं होतं. पुढच्या भेटीत ती म्हणाली, "मॅडम, मेडल दिसतं, पाय दिसत नाहीत." अगदी बरोबर होतं तिचं. मग आम्ही चित्र बदललं: समोरच्या मुलीची किक डोक्यावर बसली, तीन पॉइंट गेले, आता पुढचं पाऊल कुठं? सध्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत तीनपैकी दोन राउंड घेणारा जिंकतो आणि प्रत्येक राउंड शून्यापासून सुरू होतो. तिची स्पर्धाही याच पद्धतीची. गेलेला राउंड तिथंच सोडून मधल्या एका मिनिटात काय करायचं, हे ती रोज डोळ्यांसमोर आणू लागली.

बोलता बोलता कळलं, मागच्या वेळी खालच्या वजनगटात बसायला तिनं दोन दिवस पाणी जवळजवळ बंद करून, प्लास्टिकचं जॅकेट घालून धावून दोन किलो उतरवले होते. इथं मी मवाळ राहत नाही. 1997 मध्ये अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीपटू असंच घाईनं वजन उतरवताना काही आठवड्यांच्या अंतरानं दगावले. आणि पाणी तोडलेलं शरीर लढणार तरी कशावर? आई, सर आणि ती, तिघांना एकत्र बसवलं. ती वरच्या गटात खेळली.

शेवटच्या आठवड्यात सरावाचा वेळ निम्मा केला, किकचा वेग तोच ठेवला. भीतीपोटी तिला उलट जास्त करायचं होतं. थांबवायला फार बोलावं लागलं. झोप मात्र रोज नऊ तास. आईकडे मी एकच मागितलं, "जिंकशील ना?" हा प्रश्न स्पर्धेपर्यंत विचारू नका.

स्पर्धेच्या संध्याकाळी तिचा फोन आला.

"हात?" मी विचारलं.

"बर्फ! पण पहिली किक मीच मारली."

एक फाइट जिंकून ती पुढच्या फेरीत तिसऱ्या राउंडला हरली होती. किक मारताना डावा हात खाली येतो, तिथंच मार बसला, असं तिनं स्वतःच सांगितलं. सोमवारपासून सरांबरोबर त्यावरच काम सुरू आहे.