ट्रम्पेटवरचा मार्चेल्लो कसा शोधायचा

अरे, ट्रम्पेटवरचा मार्चेल्लो कसा शोधायचा विचारलंस ना, तर नुसतं "बरोक ट्रम्पेट कॉन्चेर्तो" (बरोक म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातलं युरोपीय संगीत, कॉन्चेर्तो म्हणजे एका वाद्याला पुढे ठेवून ऑर्केस्ट्राच्या साथीने वाजवायची रचना) टाकून शोधशील तर ढीगभर काहीबाही येईल आणि हवा तो सापडणार नाही, कारण तुला आवडलेला तो डी मायनर पट्टीतला, इटालियन संगीतकार अलेस्सांद्रो मार्चेल्लोचा कॉन्चेर्तो मुळात ट्रम्पेटचा नाहीच, ओबो नावाच्या सनईसारख्या फुंकवाद्याचा आहे. त्या काळच्या ट्रम्पेटला वाल्व्हच (स्वर बदलायच्या कळा) नव्हते, असली सुरावट त्यावर निघणार कशी? म्हणून शोधताना ओबो हा शब्द पण टाक. नावाचाही घोळ आहे, अलेस्सांद्रोच्या जागी कधीकधी त्याचा भाऊ बेनेदेत्तो छापलेला असतो, तेव्हा दोन्ही नावांनी बघ. काही ठिकाणी सी मायनर लिहिलेलं दिसेल, घाबरू नको, पीस तोच. बाखने कीबोर्डसाठी केलेलं रूप पण मध्येमध्ये येईल, बीडब्ल्यूव्ही ९७४ (बाखच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) दिसलं की पुढे जा.

खरं तर वाजवणाऱ्याच्या नावाने शोधणं बेस्ट. आधी मोरिस आंद्रे, ह्या पठ्ठ्याने ओबो-व्हायोलिनचं कितीतरी बरोक उचलून पिकोलो ट्रम्पेटवर (छोटा, वरच्या स्वरांचा ट्रम्पेट) आणलं, मग अ‍ॅलिसन बालसमचा २०१० चा इटालियन कॉन्चेर्तोंचा अल्बम. आणि फक्त मधला अदाज्यो, म्हणजे संथ भाग, ऐकून रेकॉर्डिंग चांगलं-वाईट ठरवू नको, तो कुणीही वाजवला तरी गोडच लागतो, शेवटचा प्रेस्तो, म्हणजे जलद भाग, लाव, वाजवणारा श्वास कुठे चोरतोय आणि वरचे स्वर किंचाळतायत का ते तिथे लगेच कळतं. साथीला ऑर्केस्ट्रा आहे की नुसता ऑर्गन तेही बघून घे, मला स्वतःला ऑर्केस्ट्राच आवडतो.