बारा वाजता खाली उतरलास, तिथेच बिनसलं

प्रिय मावशी,
मी रत्नागिरीचा, बल्क कॅरियरवर (सुटा माल नेणाऱ्या जहाजावर) थर्ड मेट, म्हणजे तिसरा अधिकारी आहे. आमचा सेकंड मेट युक्रेनचा, ओडेसाचा. या कॉन्ट्रॅक्टमध्ये आमची छान गट्टी जमली होती. रात्री माझा वॉच, म्हणजे जहाज सांभाळायची पाळी, घ्यायला तो लवकर वर यायचा, गप्पा व्हायच्या, आईने दिलेला चिवडा निम्मा त्यानेच संपवला. मग चीनच्या किनाऱ्याजवळ एका रात्री जरा कटकट झाली. समोर मासेमारीचा ट्रॉलर होता, त्याला टाळायला आमचं वळण चालू होतं. तेवढ्यात बारा वाजले म्हणून मी वॉच देऊन खाली आलो. नुकताच साखरपुडा झालाय, तिला फोन करायचा होता. झालं काहीच नाही. पण दुसऱ्या दिवशी मेसमध्ये, कॅडेट आणि इंजिनिअर लोकांसमोर तो म्हणाला, ‘काल तू पळालास.’ तेव्हापासून कामापुरतं बोलतो. मी सांगितलेलं सगळं रडारवर पुन्हा तपासतो. या लोकांना भावनाच नसतात का? आपल्याकडे मित्राचा चारचौघांत असा अपमान कोणी करतं का? दिवाळीचा फराळ पुढे करून बघू का?
– दुखावलेला दर्यावर्दी

अरे दर्यावर्दी,

तुझं पत्र मुळात लांबलचक होतं, मी ते छाटलंय. युक्रेनी माणसांच्या स्वभावावर तू दीड पान लिहिलंस. ‘आपण भारतीय कसे हळवे’ यावर आणखी एक. आणि तो ट्रॉलर? दोन ओळी. त्यातही फोनची घाई.

मी त्या दोन ओळींपाशीच अडकले. माझ्या घरात बोटीवर जाणारी माणसं आहेत, त्यामुळे तुमच्यातलं थोडंफार कळतं. धोका टाळण्याची हालचाल चालू असेल तर वॉच बदलायचा नाही, ती पुरी होईपर्यंत थांबायचं, हा एसटीसीडब्ल्यूचा, म्हणजे दर्यावर्दींच्या प्रशिक्षणाच्या आणि वॉचच्या आंतरराष्ट्रीय कराराचा नियम आहे. तुझ्या ओरल्सला, त्या तोंडी परीक्षेला, तू तो घडाघडा म्हटला असशील. बारा वाजले तर वाजू देत! बारा-दहा झाले असते, बारा-वीस झाले असते.

त्याच्या जागी उभा राहून बघ जरा. माणूस नुकता वर आलाय. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, काळोख. समोर वर हिरवा, खाली पांढरा दिवा, म्हणजे जाळं ओढणारा ट्रॉलर आणि वाट द्यायची ती तुम्ही. त्या किनाऱ्याला अशा एकावर एक नावा असतात, एकीला चुकवावं तर दुसरी नाकासमोर. आणि अख्खं जहाज वळतंय. किती वळवायचं ठरवलं होतं, पलीकडच्या नावेचं काय करायचं, परत कोर्सवर कधी यायचं, हे सगळं तुझ्या डोक्यात. ते डोकं घेऊन तू केबिनमध्ये गेलास. ‘झालं काहीच नाही’ म्हणतोस. काही झालं नाही, कारण तो तिथे होता.

फोनची ओढ मला कळते. बोटीवर बारा म्हणजे इकडे साडेनऊ, पोरगी वाट बघत बसलेली. पण ओडेसाच्या माणसाला घरचा फोन नको असतो का रे? 2022च्या फेब्रुवारीपासून त्याच्या शहरावर, बंदरावर क्षेपणास्त्रं आणि ड्रोन येऊन पडतायत. घरी सगळे ठीक आहेत ना, एवढं ऐकण्यासाठीच त्याला फोन लावावा लागतो. तरी तो चार वाजेपर्यंत वॉचवर उभा राहिला. आणि तू मला विचारतोस, यांना भावना असतात का!

चारचौघांत बोलला, हे तुला लागलं. लागू दे. तुझ्या पत्रात कॅप्टनचा उल्लेख कुठेच नाही, म्हणजे ही गोष्ट त्याच्या कानावर गेलेली नाही. त्याने मनात आणलं असतं तर वर कळवून तुझं पुढचं प्रमोशन लटकवलं असतं. तो तुझ्या तोंडावर बोलला आणि तिथेच थांबला. आपल्याकडे अशा वेळी तोंडावर गोड बोलून मागून काय काय करतात, ते माझ्या टपालात रोज येतं. आणि रडार पुन्हा तपासतो म्हणून रुसलास? वॉच घेणाऱ्याने स्वतः खात्री करायचीच असते. इतके दिवस त्याने तुझ्या शब्दावर भागवलं, ती मैत्री होती. ती त्या रात्री तू घालवलीस.

फराळाचा डबा कपाटातच राहू दे. लाडू हातात ठेवलास की तो बिचारा ‘थँक यू’ म्हणेल आणि तुला वाटेल, मिटलं.

आज रात्री तो वर आला की रीतसर वॉच दे. कोर्स, ट्रॅफिक, कोण कुठे चाललंय, कॅप्टनच्या नाइट ऑर्डर्स, सगळं. तो तपासेल, तपासू दे. वॉच त्याच्या हातात गेला की सांग: ‘त्या रात्री वळण पुरं व्हायच्या आत मी गेलो. चूक माझी.’ बस्स. ‘पण तू मेसमध्ये...’ हे शेपूट जोडायचं नाही. साखरपुड्याचं कारण द्यायचं नाही. इंग्लिश तुमची दोघांचीही तोडकीमोडकी असली तरी एवढं बोलायला पुरते.

तो बहुतेक ‘ओके’ म्हणेल आणि खिडकीकडे वळेल. ‘मग आता आपण मित्र ना?’ असं विचारायला तिथे रेंगाळू नकोस, तो कामावर आहे. आणि दोघं एकाच बोटीवर आहात तोवरच हे कर. साइन ऑफ होऊन बोटीवरून उतरल्यावर व्हॉट्सॲपवर सॉरी टाकणारे मला माहीत आहेत.

– मावशी