केमिस्ट्री सोडू नकोस

प्रश्न: मी देवगडची. रत्नागिरीत केमिस्ट्री घेऊन टी.वाय. बी.एस्सी. करते. आत्याच्या पेट स्कॅनमध्ये गाठ चमकलेली दिसली. "गाठ साखर ओढते" असं समजल्यापासून घरात तिचा गूळ-साखर बंद आहे. मला यावरच संशोधन करायचंय, पण बारावीला बायोलॉजी नव्हतं. बाबा म्हणतात, बी.एड. कर.

उत्तर: आधी आत्याचं. साखर तोडून गाठ उपाशी राहत नाही, कारण यकृत रक्तात ग्लुकोज सोडतच असतं. वजन मात्र आत्याचं उतरू शकतं. मधुमेह नसेल तर तिच्या पेजेसोबतचा गूळ बंदच ठेवायचा का, हे डॉक्टरांना विचारा. हे आजच करा.

आता तुझं. तुला पडलेला प्रश्न मुळात केमिस्ट्रीचाच आहे. स्कॅनआधी टोचतात तो रेणू ग्लुकोजचाच, फक्त एका हायड्रॉक्सिलच्या जागी किरणोत्सारी फ्लोरिन. पेशीत शिरल्यावर त्याला फॉस्फेट चिकटतो, पण पुढची अभिक्रिया होत नाही आणि तो तिथेच अडकतो. जिथे ग्लुकोजची ओढ जास्त, तिथे चमक. मेंदूही म्हणूनच चमकतो.

आंबोळीचं पीठ आंबतं तेव्हा जिवाणू साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. कॅन्सरच्या पुष्कळ पेशी तेच करतात, तेही भोवती ऑक्सिजन असताना. जर्मनीच्या ओटो वारबुर्ग यांनी हे १९२०च्या दशकात मोजून दाखवलं. ऑक्सिजन वापरला तर एका ग्लुकोजमागे सुमारे ३० एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन), या वाटेने फक्त २. मग हा आतबट्ट्याचा व्यवहार कशाला? मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतली ऑक्सिजन वापरणारी ऊर्जाकेंद्रं, बिघडल्या असाव्यात, असं वारबुर्ग यांना वाटलं. पण बहुतेक कॅन्सरमध्ये त्या चालूच असतात. वाढत्या पेशीला ऊर्जेइतकाच मालही लागतो: डीएनए, प्रथिनं, पेशीच्या पटलांसाठी मेद. ग्लुकोज अर्ध्या वाटेवरून तिकडे वळवता येतं, जोडीला ग्लुटामिन हा प्रथिनांचा घटक असतोच. तरी बराचसा कार्बन लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचंच रूप) होऊन बाहेर का टाकला जातो, याचा हिशेब अजून पुरता जुळलेला नाही. तुझ्यासारख्या मुलीसाठी काम आहे ते इथे.

आणि हे काम रुग्णापर्यंत पोचतं. ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) काही पेशींना अ‍ॅस्परजीन हा प्रथिनांचा घटक पुरेसा बनवता येत नाही. अ‍ॅस्परजिनेज हे औषध रक्तातलं अ‍ॅस्परजीनच संपवतं. लहान मुलांच्या उपचारात ते वर्षानुवर्षं वापरात आहे.

वाट लांब आहे, ते लपवणार नाही. जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन केमिस्ट्री किंवा बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी., दोन वर्षं. मग नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा, मग पीएच.डी., पाचेक वर्षं. पेशीविज्ञान तुला स्वतः बसून वाचावं लागेल, पण ते जमतं. ज्यांना एन्झाइमची अभिक्रिया कागदावर मांडता येत नाही, त्यांचं जास्त अडतं.

बाबांना एवढं सांग: नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, म्हणजे पीएच.डी.चा भार घरावर नाही. बी.एड. तर नंतरही करता येईल. टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र, अ‍ॅक्ट्रेक, खारघरला आहे, एम.एस्सी.चा प्रकल्प तिथे करता येतो का, याची चौकशी आत्तापासून ठेव. मांडवी एक्स्प्रेसने पनवेलला उतरलीस की पुढे लोकल आहे. पहिल्या खेपेला बाबांनाही घेऊन जा.