संपादन, अधिग्रहण की ‘वर्ग’?

गेवराई तालुक्यातून एकांनी विचारलंय: उन्हाळ्यात आमच्या विहिरीचं ‘अधिग्रहण’ झालं, रस्त्यासाठी शेतांचं ‘संपादन’ चाललंय, गायरानाचा तुकडा मात्र म्हणे ‘वर्ग’ झाला. घेणारं सरकारच, मग शब्द तीन कशाला?

घेणारा एकच, पण जातं ते वेगळं. टंचाईत तहसीलदार विहीर अधिग्रहित करतात तेव्हा पाणी गावाला जातं, विहीर सातबाऱ्यावर मालकाचीच राहते. निवडणुकीला घेतलेल्या जीपगाड्यांचंही तेच. म्हणून जमीन कायमची घेण्याला ‘भूअधिग्रहण’ म्हणणं मला खटकतं. हिंदीत ‘संपादन’ म्हटलं की वर्तमानपत्र आठवतं, त्यांनी जमिनीला ‘अधिग्रहण’ लावलं आणि बातम्यांतून ते आपल्याकडं आलं. आपण मात्र विश्वासही संपादन करतो. संपादन म्हणजे मिळवणं. भूसंपादनात मालकीच सरकारकडं जाते.

गायरान आधीच सरकारी. 1966 च्या महसूल संहितेत कलम 22 खाली ते गुरांच्या चराईसाठी नेमून दिलेलं असतं, मालकी शासनाचीच. स्वतःचीच जमीन संपादन कशी करणार? सर्वोच्च न्यायालयानंही 2003 मध्ये शारदादेवी प्रकरणात असं संपादन निरर्थक ठरवलं. म्हणून ‘वर्ग’, जशी रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात वर्ग होते.

खरी गोची तुम्ही न विचारलेल्या ठिकाणी आहे: शेतातून पडलेला वहिवाटीचा रस्ता. पन्नास वर्षं सगळं गाव जातंय म्हणून त्याला कुणी ‘सरकारीच’ म्हणतं. पण वापर म्हणजे मालकी नव्हे. गावनकाशात तो नसेल आणि सातबारा खाजगी असेल, तर सरकारला रीतसर संपादनच करावं लागतं. हिमाचलात 1967-68 मध्ये असाच संपादनाशिवाय रस्ता झाला. पुढं राज्यानं दीर्घ कब्जाचा दावा सांगितला, तो 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फेटाळला आणि जमीनमालक वृद्धेला मोबदला द्यायला लावला.

मोबदल्याला आपल्याकडं ‘मावेजा’ म्हणतात. त्याला कुणी गावंढळ समजू नये. मोबदला ‘बदल’च्या घरचा, मावेजा ‘ऐवज’च्या, दोघंही अरबीच.

बाकी बोलण्यात ‘संपादित झाली’ कोण म्हणतं? पैठणकडं जमीन ‘धरणात गेली’, तुमच्याकडं ‘रोडात गेली’. विहीर मात्र ‘तहसीलनं घेतली’.