न्यू यॉर्कमध्ये स्वस्त आणि चांगले आशियाई जेवण कुठे मिळेल?

त्यासाठी मॅनहॅटनचा मध्यभाग सोडून ७ क्रमांकाच्या सबवेने शहराच्याच क्वीन्स या भागात जावे, कारण ज्या वस्तीत ते पदार्थ रोज खाणारी माणसे राहतात, तिथे दुकानदाराला चव बिघडवून किंवा अवाच्या सवा भाव लावून धंदा टिकवता येत नाही. शेवटच्या फ्लशिंग-मेन स्ट्रीट स्थानकाजवळच चिनी खाद्यदालने आहेत. तेथे हाताने ओढलेल्या नूडल्स आणि डंपलिंग पोटभर मिळतात, शिवाय ताट स्वतःच काउंटरवरून आणायचे असल्याने, बसून जेवण्याच्या उपाहारगृहात एरवी द्यावी लागणारी १८ ते २० टक्के टिप वाचते. ही बचत नवख्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

वाटेत जॅक्सन हाइट्सला तिबेटी आणि नेपाळी मोमो मिळतात, तर शेजारच्या एल्महर्स्टमधील थाई जेवण मला सर्वांत अधिक आवडते. शाकाहारी मंडळींनी मात्र सूप आणि सॉस कशाचे आहेत हे आवर्जून विचारावे, कारण भाज्यांच्या पदार्थातही माशांचा सॉस असू शकतो. बसूनच जेवायचे असल्यास कामाच्या दिवशी दुपारी जावे. अनेक ठिकाणी तेच पदार्थ तेव्हा सवलतीत असतात. मेनूवरील किमतीत ८.८७५ टक्के विक्रीकर धरलेला नसतो, आणि काही लहान दुकाने केवळ रोख रक्कम घेतात.