विमा पोराच्या नावावर, पगार बापाचा

खानापूर तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आलंय. वय ४६, उद्यमबागेत एका फाउंड्रीत सुपरवायझर, हातात महिना ४६ हजार. मुलगा १९ वर्षांचा, बेळगावात कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या सेमिस्टरला, मॅनेजमेंट सीटवर. पहिल्या सेमिस्टरला दहापैकी ७.१ आणि गणिताची एक बॅक, म्हणजे तो विषय राहिलाय. त्याला बेंगळूरच्या मोठ्या कॉलेजात जायचंय. एक एजंट ४ लाखांत ट्रान्स्फर करून देतो म्हणतो, टोकन ५० हजार. पुढे लिहितात: "पैशांची अडचण नाही. मंडळींचं सोनं आहे, शिवाय मुलाच्या शिक्षणासाठी पॉलिसी घेतलेली आहे, बाँडचा फोटो जोडलाय. ट्रान्स्फरची शक्यता किती, आणि पैसे सोन्यावर काढू की पॉलिसीतून?"

विचारलंय त्याचं उत्तर आधी देतो, ते लवकर संपेल. टोकन देऊ नका.

ट्रान्स्फर हा प्रकार खोटा नाही. व्हीटीयूत (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठात) दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला कॉलेज बदलता येतं. त्यासाठी समोरच्या कॉलेजात जागा रिकामी लागते, दोन्ही कॉलेजांची ना हरकत लागते, आणि वर विद्यापीठाची मंजुरी. आता आर. व्ही., बी. एम. एस., रामय्या असल्या ठिकाणी कॉम्प्युटर सायन्सची हाती आलेली जागा सोडून कोण जातंय सांगा. सुटलीच एखादी, तर डीसीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन थेट दुसऱ्या वर्षाला येणारी डिप्लोमाची मुलं तिच्यावर टपलेली. शिवाय ही कॉलेजं स्वायत्त, अभ्यासक्रम त्यांचा त्यांचा. इथले जे विषय तिथे जुळणार नाहीत ते पुन्हा लिहा. त्यात गणिताची बॅक. या मार्कांवर दहात एक संधी आहे असं म्हणायलाही मी धजणार नाही. जिथे जागा दरवर्षी रिकाम्याच राहतात तिथे मिळेल की, पण तसल्या कॉलेजासाठी बेंगळूर कशाला?

एजंटचे ४ लाख म्हणजे डोनेशन. कर्नाटकात अशा डोनेशनवर, म्हणजे कॅपिटेशन फीवर, १९८४ पासून कायद्याने बंदी आहे, म्हणजे पावती मिळणार नाही, आणि पावती नाही तर भांडणार कशाच्या जोरावर? नियम हवे असतील तर एजंट लागत नाही. तुमचा मुलगा रोज ज्या रस्त्याने बेळगावला जातो, त्याच रस्त्यावर मच्छ्याला विद्यापीठाचं मुख्यालय आहे. एक दिवस तिथे उतरा आणि ट्रान्स्फरचं परिपत्रक मागा.

खर्चही मांडतो. एजंटचे ४ लाख, फीतला फरक वर्षाला लाखभर धरला तर तीन वर्षांचे ३, राहण्याजेवणाचे महिना ११ हजारांनी ४. झाले ११ लाख, म्हणजे तुमचा दोन वर्षांचा पगार. एवढं घालून 'वीस लाखांचं पॅकेज' मिळेल हा तुमचा हिशेब आहे. तो आकडा फ्लेक्सवर ज्याचा फोटो असतो त्या एका मुलाचा असतो. मुलात दम असेल तर त्याला तिसऱ्या वर्षापासून गेट, म्हणजे एम.टेक.ची प्रवेश परीक्षा, देता येते. चांगला स्कोअर आला आणि एम.टेक.ला जागा मिळाली, तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन आहे, दोन वर्षांत जवळपास ३ लाख. तिथे नामांकित संस्थाच मुलाला पैसे देते.

(महाराष्ट्राच्या सीईटीत सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळी तरतूद आहे, पण ती प्रवेश परीक्षा देऊन नव्याने प्रवेश घेणाऱ्यांसाठी. ट्रान्स्फरला तिचा उपयोग नाही.)

आता तुम्ही न विचारलेलं. खरं तर पत्र मी तिथेच बाजूला ठेवणार होतो, पण बाँडचा फोटो मोठा करून बघितला. मेणकापडावर ठेवून काढलाय, कोपऱ्यात अंगठा आलाय. प्रस्तावक, म्हणजे पॉलिसी घेणारा, म्हणून तुमचं नाव. विमा ज्याच्या आयुष्याचा, त्या रकान्यात मुलाचं. प्रस्तावक गेल्यास पुढचे हप्ते माफ होण्याची सोय असते, तो रकाना कोरा. हप्ता वर्षाला ७२ हजार, १५ वर्षं भरायचा. पैसे मिळणार २० वर्षांनी.

म्हणजे काय झालं बघा. घरात कमावते तुम्ही एकटे आणि विमा काढलाय पोराचा, तोही तो दहा वर्षांचा असताना. उद्या भट्टीजवळ तुम्हाला काही झालं तर ही पॉलिसी घरात एक रुपया आणणार नाही, उलट हप्ता तुमच्या मंडळींनी भरायचा. तुमच्या पत्रात दुसऱ्या कुठल्याही विम्याचा उल्लेख नाही. पीएफसोबतच्या विम्यातून घरच्यांना फार तर ७ लाख मिळतील. तेवढ्यात मुलाची उरलेली फी भागेल, आणि मग?

'शिक्षणासाठी' हा शब्द तर सोडूनच द्या. पैसे हातात येतील तेव्हा मुलगा तिशीचा असेल, बहुधा स्वतःच्या पोराच्या बालवाडीची फी भरत असेल. ही पॉलिसी गणपतीत कुंद्याचा पुडा घेऊन आलेल्या साडूंनी दिली, असं तुम्हीच लिहिलंय. साडूंवर माझा राग नाही. त्यांनाही कुणीतरी हेच शिकवून पाठवलं असणार. राग त्या 'शेवटी १८ लाख मिळतील' या वाक्यावर आहे. भरायचे १० लाख ८० हजार, मिळणार बोनस धरून १८ लाख. ऐकायला बरं वाटतं, पण वर्षाला परतावा पडतो चारेक टक्के. हाच हप्ता पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी वीस वर्षांत २७ लाखांच्या आसपास गेला असता.

मग तोडू का, असं तुम्ही विचाराल. इथे माझं उत्तर तुम्हाला उलटं वाटेल. नऊ हप्ते, म्हणजे साडेसहा लाख गेलेत. साडू म्हणतात तसे आज तोडून ५ लाख मिळत असतील, तर जो मार बसायचा तो बसून गेला. इथून पुढचा हिशेब केला तर उरलेले सहा हप्ते भरून ही पॉलिसी सहा ते सात टक्के देते, बोनस चालू राहिला तर. म्हणून रागाच्या भरात तोडू नका. कंपनीकडून आजची सरेंडर किंमत, म्हणजे तोडल्यास हातात येणारे पैसे, आणि पेडअप केल्यास, म्हणजे हप्ते थांबवून पॉलिसी कमी रकमेवर तशीच ठेवल्यास, मिळणारी रक्कम, दोन्ही लेखी घ्या. सरेंडरला ५ लाखांच्या आसपास मिळत असतील आणि हप्ता झेपत असेल तर चालू ठेवा. झेपत नसेल तर पेडअप करा.

आणि एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. बाँडवर मालकी मुलाकडे जाण्याची तारीख छापलेली आहे, मूल १८ पूर्ण झाल्यानंतरची. ती उलटून गेली. आता त्या पॉलिसीचा मालक तुमचा मुलगा. कर्ज काढायचं, तोडायची, सगळ्याला सही त्याची. 'पॉलिसीतून काढू का' हा प्रश्न त्यालाच विचारावा लागेल. नॉमिनी म्हणून त्याला आईचं नाव घालायला सांगा.

सोन्याला हात लावायचं कारण उरत नाही. ४ लाखांवर दहा टक्के धरले तरी महिना ३,३०० नुसतं व्याज, तेही मिळण्याची आशा नसलेल्या जागेसाठी. त्याच्या निम्म्यात तुमचं खरं काम होतं. स्वतःच्या नावावर ७५ लाखांचा, साठीपर्यंतचा साधा टर्म इन्शुरन्स घ्या, म्हणजे त्या मुदतीत तुम्ही गेलात तरच घरच्यांना पैसे देणारा विमा. या वयात हप्ता वर्षाला वीस हजारांच्या आसपास पडावा, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. मुदतीनंतर काही परत मिळत नाही म्हणून साडू नाक मुरडतील. मुरडू द्या. 'पैसे परत'वाला टर्म दाखवला तर तो घेऊ नका. फॉर्म या महिन्यातच भरा. त्यात फाउंड्रीत काय काम करता ते खरं लिहा, आणि तंबाखू मळत असाल तर तेही. हप्ता थोडा वाढेल, पण तुमच्या मागे मंडळींना दाव्यासाठी भांडावं लागणार नाही.